सगुणावैनीची कणगी आणि माझं बोट

भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं की शेजारची सगुणावैनी अंगणातून हाक मारायची, "गो बाय, बोट घेऊन ये!"

वाचणाऱ्याला वाटेल, बोट काय घरी ठेवून फिरते का ही? पण तिला खरंच माझं बोटच हवं असायचं. भात झोडून झालं की ती भात साठवायची बांबूची कणगी शेणामातीने लिंपायची आणि लिंपण ओलं असतानाच माझ्याकडून तिच्यावर एक शब्द लिहून घ्यायची. तिला अक्षर येत नव्हतं. मी चौथी पास. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, म्हणून टोकावड्याच्या आमच्या आळीत मी विद्वान!

शब्द वर्षभराचा. एका वर्षी 'सावकाश', एका वर्षी 'हस'. तिचा नवरा गेला त्या वर्षी 'ऊठ'. मी म्हणायचे, "अगं, दोन-चार लिहून घे की, जागा आहे भरपूर." तर म्हणायची, "येकच लिव. दोन लिवलेस का ते आपसात भांडतात, आन आपण बघीत बसतो."

हे मला टोचायचं, कारण माझी वही. दर एक जानेवारीला मी वहीत अकरा संकल्प लिहिते. पहाटे चालायला जाईन, चहात साखर घेणार नाही, सुनेला टोमणे मारणार नाही, असे. सुनेचा संकल्प दुपारपर्यंत टिकतो. साखरेचा संक्रांतीला तीळगुळाबरोबर जातो. चालण्याचं विचारू नका. सगुणावैनी वही बघून म्हणायची, "तुजी वही म्हंजे जत्रा गो. येतात समदे, ऱ्हात कोन नाय."

आता माझ्या पापाची गोष्ट सांगते. सगुणावैनीसारखी तांदळाची भाकरी पंचक्रोशीत कुणाची नाही. कापडासारखी पातळ. त्यामुळे कुणाचंही लग्न असो, उकड मळायला आणि भाकऱ्या थापायला तिलाच बोलावणं. तिच्या तोंडून कधी नकार निघायचा नाही. शेवटी उजवा खांदा असा धरला की तिला वेणी घालता येईना. मुरबाडचे डॉक्टर म्हणाले, आता मळणं-थापणं बंद, नाहीतर हात कायमचा जाईल.

त्या वर्षी ती लिंपता लिंपता म्हणाली, "बाय, यंदा 'नको' लिव. मला तेवढंच बोलाय येत नाय."

माझं बोट ओल्या शेणावर थांबलं. मे महिन्यात माझ्या धाकट्याचं लग्न होतं. मी काय केलं असेल? कणगीवर सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं, 'हो'. वर तिलाच विचारलं, "छान आलंय ना?" ती म्हणाली, "झ्याक आलाय."

पुढे ती वर्षभर सगळ्यांना 'नको' म्हणत राहिली. एप्रिलात मी अक्षता घेऊन भाकऱ्यांचं आमंत्रण द्यायला गेले. तिने अक्षता घेतल्या आणि म्हणाली, "लग्नाला येन. भाकऱ्या नको."

"अगं, पण कणगीवर तर..." माझ्या तोंडातून निसटलंच.

"कणगीवर काय?"

"काय नाय, लिंपण छान झालंय!"

लग्नात भाकऱ्या मी थापल्या. एकीचा आकार मुरबाड तालुक्याचा, दुसरीचा शहापूरचा. वैनी जन्मात पहिल्यांदा मांडवात खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून. माझी भाकरी खाल्ली आणि म्हणाली, "जाड झालीय. पन मी नाय थापली ना, म्हनून ग्वाड लागते."

पुढचं कॅलेंडर लागलं आणि नेहमीसारखी हाक आली. मी बोट पुढे केलं तशी ती म्हणाली, "यंदा मी सांगीन तोच लिव हां."

मग तिनेच सांगितलं. तिच्या शाळेत जाणाऱ्या नातीने गेल्या संक्रांतीलाच कणगी वाचून दाखवली होती!

"मग बोलली का नाहीस वर्षभर?"

"बोलले असते तर तू पुसून परत लिवला असतास. खरवडलेल्या जागेतनं सोंडेकिडे शिरतात भातात." मग हसली. "आन शब्द मी बोलले व्हते ना. कणगीला कुठं पाळायचा व्हता?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने शेणाचा गोळाच माझ्या हातात दिला. म्हणाली, "लिंप आता तू. माजा खांदा दुखतो."

गेल्या पावसाळ्यात सगुणावैनी गेली. तिच्या मुलाने भातासाठी पत्र्याची कोठी आणली आणि कणगी माझ्या ओटीवर आणून ठेवली. आईने तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. यंदा मी अकरा संकल्पांची वही बाजूला सारली आणि कणगी लिंपली. बोट पुढे करणार, तोच वैनीची नात आली. "काकू, तुमी फकस्त शब्द बोला. लिवनार मी. आजी बोलली व्हती, काकूच्या बोटाचा भरोसा धरू नको."

मी बराच विचार करून सांगितलं, "ऐक."

तिने लिहिलं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. बरोबर होतं. मग हाच शब्द मी का निवडला, तिची आजी कशी होती, माझं कुठे चुकत गेलं, हे सगळं मी तिला नीट समजावून सांगू लागले. लग्नातल्या भाकऱ्यांपर्यंत पोचले असेन.

 पोरीने शेणाने भरलेलं बोट फक्त त्या शब्दावर टेकवलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.