बारापैकी चार

उर्मिला खराडे रागावली की आरडाओरडा करत नसे. आतल्या आत डाव धरायची आणि वर्षानुवर्षं तो ताजा ठेवायची. नवरा रामचंद्र हवाई दलात सार्जंट होता, स्वभावानं गाईसारखा. तो म्हणायचा, हिच्याशी भांडण झालं की मी आधी माफी मागतो, भांडणाचं कारण नंतर विचारतो. मिरजेकडची ही बाई नवऱ्याच्या बदलीबरोबर चंदीगडला आली. तो निवृत्त झाला तरी दोघं इथंच झिरकपूरला फ्लॅट घेऊन राहिली. मोहालीकडच्या एका खाजगी विद्यापीठात अकरा वर्षं ती कंत्राटावर एक्स्चेंज डेस्क सांभाळत होती. म्हणजे एका सेमिस्टरसाठी परदेशी जाणाऱ्या पोरांची कागदपत्रं बघायची.

त्यातही डेन्मार्कचं काम तिचं लाडकं. स्वतः कधी विमानात बसली नाही, पण तिथले नियम तिला आरतीसारखे पाठ. सेमिस्टरला तीस क्रेडिट, म्हणजे बहुधा चार विषय. ते निघण्याआधीच कागदावर ठरवायचे आणि दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. तिथे वर्गात हजेरी घेत नाहीत, म्हणून झोपा काढायच्या नाहीत. वाचन आपलं आपण करायचं असतं. प्राध्यापकाला नावानं हाक मारायची, सर-सर करायचं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक समोर बसतो. आणि गुण आपल्यासारखे शंभरात नसतात. उणे तीन, शून्य, दोन, चार, सात, दहा, बारा अशा सातच पायऱ्या. दोनला पास. सात म्हणजे चांगला. बारा म्हणजे शिखर. हे सगळं ती प्रत्येक बॅचला समोर बसवून सांगायची, आणि पंजाबी पोरं मुकाट्यानं लिहून घ्यायची.

तीन वर्षांपूर्वी तिची स्वतःची मुलगी अवनी डेन्मार्कला गेली. त्याच विद्यापीठात शिकत होती, हुशार होती, कुणाच्या वशिल्याची गरज नव्हती. परत आली ती एक बारा, दोन सात आणि एक चार घेऊन. घरी गोड झालं. मायलेकींना वाटलं, जिंकलं.

पण त्याच महिन्यात परीक्षा विभागाला नवे प्रमुख आले होते. कर्नल रघुवीर दातार, सैन्यातून निवृत्त झालेले, पुण्याचे. मराठी माणूस आला म्हणून उर्मिलेला कोण आनंद! मराठी मंडळाच्या गणपतीत तिनं हातचे मोदक करून त्यांच्या घरी दिले होते. आणि या आपल्या माणसानं काय केलं? गुणांना बारानं भागलं, शंभरानं गुणलं, आणि अवनीच्या चारसमोर लिहिलं तेहेतीस टक्के. चाळीसच्या खाली, म्हणून नापास.

उर्मिला डेन्मार्कची पुस्तिका घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेली. ही टक्केवारी नव्हे, या पायऱ्या आहेत, चार म्हणजे तिथे सरळ पास, असं तिनं उभ्या उभ्या समजावलं. त्यांनी बसायलाही सांगितलं नाही.

"मॅडम, बारापैकी चार म्हणजे तेहेतीस," ते म्हणाले. "स्वतःच्या मुलीसाठी मला पाढे शिकवू नका."

तिनं लेखी टिपण दिलं. त्यावर कर्नलनी उत्तर म्हणून परिपत्रकच काढलं, की यापुढे डेन्मार्कचे सगळे गुण याच सूत्रानं मोजले जातील. खाली ठसठशीत सही. अवनीचा एक विषय राहिला, म्हणून कॅम्पसवर मिळालेली नोकरी गेली आणि वर्षही गेलं. आता ती मोहालीत एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. विषय काढला की म्हणते, "छोड़ो ना, आई." सोडायचं? उर्मिलेच्या ते जिव्हारी लागलं होतं. कंत्राटाची नोकरी, म्हणून मूग गिळून बसली, एवढंच.

पण हात बांधून नाही बसली. डेन्मार्कमध्ये काही विषयांना आकडे नसतातच; नुसतं पास किंवा नापास. कर्नलचं सूत्र तिथे चालणार कशावर? मग तिनं दर सेमिस्टरला तिथल्या वेबसाइट धुंडाळून असे विषय शोधले, आणि पोरांना कानात सांगायला लागली की हेच घ्या. एकही पोर बुडालं नाही. कर्नलना वाटलं, आपला नियम झकास चालला आहे.

गेल्या वर्षी यादीत नाव आलं, राजस दातार. कर्नलचा एकुलता एक मुलगा.

राजस खरंच भला पोरगा होता, हे तिला मान्य होतं. डेस्कवर येऊन वाकून पाया पडला, आंटी आंटी म्हणत राहिला. आईबाप मराठीत बोलत, हा हिंदीत उत्तर देई. त्यानं हौसेनं चार विषय निवडून आणले होते. चारही आकड्यांचे, चारही अवघड. उर्मिलेनं यादी दोनदा वाचली. मग कागद पुढे सरकवून कुठे सही करायची ते दाखवलं, आणि बाकीचे सगळे नियम त्याला नीट समजावून सांगितले. तेवढं एकच सांगितलं नाही.

घरी जाऊन तिनं रामचंद्राला सांगितलं. तो म्हणाला, पोराचा काय गुन्हा? ती म्हणाली, अवनीचा काय होता? तिनं सगळा हिशोब मनाशी केला होता. पोरगा अडकला की बाप नाक मुठीत धरून येणार. मुलासाठी कुठला बाप येत नाही? मग त्याच्याकडून लिहून घ्यायचं की चूक माझी होती. तिला तेवढंच हवं होतं, त्याच्या अक्षरात, त्याच्या सहीनं.

फेब्रुवारीत निकाल आला. एका विषयात सात, दोन विषयांत चार-चार, एकात दोन. तिथल्या हिशेबानं पोरगा चारही विषय पास. कर्नलच्या हिशेबानं तीनात नापास. आणि जुलैत त्याला बंगळूरला नोकरीवर हजर व्हायचं होतं.

तिसऱ्या दिवशी कर्नल स्वतः डेस्कवर आले. अकरा वर्षांत एवढा मोठा अधिकारी तिच्या खुर्चीपाशी कधी आला नव्हता. या खेपेला मॅडम नाही, उर्मिलाताई म्हणाले. गुण मोजायचा नियम थोडा जुना झाला आहे, असं त्यांना वाटत होतं. बदलाचा प्रस्ताव एक्स्चेंज डेस्ककडूनच यावा लागतो, तेव्हा ताईंनी दोन ओळी लिहून द्याव्यात.

उर्मिलेच्या अंगावर आनंदानं काटा आला. याच घटकेसाठी ती तीन वर्षं जगली होती म्हणा ना. तिनं खुर्ची पुढे केली, चहा मागवला, आणि प्रस्ताव काढून समोर ठेवला. तो निकाल आला त्या रात्रीच टाइप करून तयार होता. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की मूळ सूत्र चुकीचं होतं, लेखी कळवूनही परीक्षा प्रमुखांनी ते रेटलं, त्यात अवनी खराडे या विद्यार्थिनीचं वर्ष वाया गेलं, आणि तिचा निकाल दुरुस्त व्हावा. खाली त्यांच्या सहीसाठी जागा होती.

कर्नलनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि तिनं तो डोळे भरून पाहिला.

"पहिला परिच्छेद काढा," ते हळू आवाजात म्हणाले.

"त्याच्यासाठीच तर प्रस्ताव आहे, सर."

ते फाइल घेऊन गेले. विद्या परिषदेची बैठक आठ दिवसांवर होती, आणि तिथे ही कबुली सगळ्यांसमोर वाचली जाणार होती. आठही दिवस उर्मिला मजेत होती. स्वयंपाक करताना गुणगुणायची. कर्नलची बायको स्मिता बाजारात दिसली, डोळे सुजलेले होते. उर्मिला रस्ता ओलांडून मुद्दाम समोरून गेली. येईल सही, ती स्वतःला सांगायची. पोटचा पोर आहे, जातो कुठे.

बैठकीच्या आदल्या दिवशी फाइल परत आली. सही नव्हती. वर लाल शाईत एकच ओळ: प्रस्तावाची आवश्यकता नाही, प्रचलित नियम कायम.

तिला आधी समजेचना. मग समजलं. या माणसानं स्वतःचा पोर दिला, पण चुकीची कबुली दिली नाही.

आणि पुढचं तर ऐका. विद्यापीठभर बोलबाला झाला की कर्नलसाहेबांनी स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही, नियम म्हणजे नियम. कुलगुरूंनी सभेत उभं राहून कौतुक केलं. त्यांची मुदत दोन वर्षांनी वाढली. मराठी मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत उर्मिलाही होती, करते काय? मनातून चरफडत होती. ज्याला मातीत घालायला निघाली, त्याला तिनंच खांद्यावर घेतलं होतं.

राजसची बंगळूरची नोकरी गेली. मार्चच्या अखेरीला तो राहिलेल्या विषयांचा फॉर्म घ्यायला डेस्कवर आला. दाढी वाढली होती. या वेळी तो पाया पडला नाही. बाकीच्या पोरांशी त्याचं बोलणं झालं होतं.

"आंटी, वो पास-फेल वाले कोर्स आपने सबको बताए थे," तो म्हणाला. "मुझे क्यों नहीं बताए?"

खोटं बोलता आलं असतं. विसरले म्हणता आलं असतं. पण उर्मिलेला खोटं बोलायचं नव्हतं. निदान एका दातारला तरी हे कळावं, असं तिला अजूनही वाटत होतं. तिनं सरळ सांगितलं, की तुझ्या बाबांनी माझ्या अवनीचं वर्ष घालवलं, आणि मला त्यांना रडवायचं होतं.

त्याला मराठी सगळं कळायचं. तो रागावलाही नाही, आणि ते तिला जास्त सोसेना.

"पापा को तो कुछ हुआ ही नहीं, आंटी," तो म्हणाला.

मग त्यानं पेन मागितलं आणि फॉर्म भरायला घेतला. नाव, रोल नंबर, राहिलेले विषय तीन. उर्मिला समोर बसून बघत होती. कर्नलचा राग करायची तिला सवय होती. स्वतःचा राग आयुष्यात पहिल्यांदाच आला होता, आणि याचा सूड कुणावर घ्यायचा ते तिला कळत नव्हतं.