मामींच्या चपलेतलं यंत्र

माणसाला चेहरा असतो, ही गोष्ट माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात मान्य केली नाही. त्यांच्या लेखी माणूस टाचेपासून सुरू व्हायचा आणि फार तर घोट्यापाशी संपायचा. सातपूरच्या एका कारखान्यात दाब मोजायची यंत्रं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि पाऊल टाकताना माणूस जमिनीवर नेमका कुठे किती भार देतो, हा प्रश्न त्यांना तिथेच जडला. एकदा कॉलेज रोडवरून एका अनोळखी गृहस्थाच्या मागे मागे ते थेट अशोक स्तंभापर्यंत गेले. तो बिचारा खिसा धरून थांबला, तेव्हा मामा कळवळून म्हणाले, "डाव्या टाचेवर फार भार देताय हो तुम्ही. कंबर दुखत असेल." गृहस्थ "नाही" म्हणाले आणि रिक्षात बसून निघून गेले. "दुखत असणारच," मामा मला म्हणाले, "नाहीतर चालत नसता का गेला?"

दोन हजार सालाच्या आसपास या नादाला वेगळंच वळण लागलं. मधुमेहामुळे मामींच्या तळव्यांची जाणीव गेली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी पडलेली जखम भरायची नि पुन्हा उघडायची. डॉक्टर म्हणाले, "भार कुठे पडतो ते कळलं तर तशी चप्पल करून घेता येईल. नाहीतर पुढेमागे अंगठा काढावा लागेल." मामा दुसऱ्या दिवसापासून सेन्सर शोधायला लागले.

सेन्सर म्हणजे दाब ओळखणारा तुकडा, इतपत मला समजलं. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. पहिला आणला तो वजनकाट्यातला. बिनचूक, पण विटेएवढा जाड. दुसरा नाण्यासारखी चकती. पाऊल आपटलं की मीटरचा काटा उडायचा, पण मामी स्थिर उभ्या राहिल्या की पुन्हा शून्यावर. "अगं, तू उभी आहेस ना?" मामा विचारत. "मग काय तरंगतेय?" मामी म्हणत. तिसरा कागदासारखा पातळ, मुंबईहून मागवलेला. तो उन्हात एक सांगायचा आणि सावलीत दुसरंच. "जावईबापू, कुठला घ्यावा?" मी म्हणालो, "पातळ." "का?" याचं उत्तर बँकेत नोकरी करणाऱ्या मला देता येईना, मामांनाही सुचेना, म्हणून तोच घेतला.

तो मामींच्या चपलेत अंगठ्याच्या मुळाशी चिकटवला आणि त्याची वायर कमरेला बांधलेल्या एका डबीला जोडली. डबीवरचा काटा जिथपर्यंत चढेल तिथेच अडकून राहायचा. मामा रोज मामींना समोर चालवून तो बघायचे आणि मग डबी काढून ठेवायचे. पहिल्या दिवशी तो इतका वर गेला की मामांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मात्र काटा जवळजवळ हललाच नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. खरं कुठलं? मामांनी सेन्सर बदलला, चप्पल बदलली, फरशी पुसून घेतली. काटा ढिम्म, आणि जखम मात्र पुन्हा उघडलेली. मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका रविवारी माझ्यासमोरच ते खाली बसले आणि म्हणाले, "मला नाही जमत हे. माझी निवडच चुकली."

मामी हळूच म्हणाल्या, "अहो, यंत्राला नका बोलू. पहिल्या दिवशी काटा चढला आणि तुमचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून तुम्ही बघत असलात की मी अंगठा उचलून चालते."

मामांनी उठून मामींच्या हातात भाजीची पिशवी दिली. "जा, एकटीच जाऊन ये. मी बघत नाही." मामी बाजारातून परतल्या तेव्हा काटा पार वरच्या टोकाला होता. अंगठ्याच्या मुळाशी खोलगट आणि मऊ तळ असलेली चप्पल भद्रकालीतल्या एका चपला शिवणाऱ्याकडून करून घेतली. जखम सावकाश सुकली. अंगठा वाचला. "पण सावलीत तो कमी का दाखवतो?" हे मामांना अजूनही उलगडलेलं नाही.

पुढे बरीच वर्षं मामी तशाच चपला घालून हिंडल्या आणि एका हिवाळ्यात हृदयाच्या झटक्याने गेल्या. मामा आता रविवारी आमच्याकडे येतात. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात. एरवी तो हात हलका असतो, पण एखाद्या दिवशी इतका जड होतो की मला पायरीवर थांबावं लागतं. का, ते मी त्यांना विचारत नाही. आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहतो आणि मग खाली उतरतो.