कार्डाची मागची बाजू

हातात कुठलाही कागद आला की काका तो आधी उलटा करायचे. लग्नपत्रिका, कँटीनचं कुपन, अगदी डायरेक्टरसाहेबांच्या सहीचं सन्मानपत्रसुद्धा. त्या सन्मानपत्राची मागची बाजू कोरी पाहून ते म्हणाले, "खरं लिहायची वेळ आली अन् थांबले बघा." सन्मानपत्र माझं होतं.

चाकणच्या आमच्या कंपनीत ते रेकॉर्ड रूम सांभाळायचे. कुठला कागद कुठल्या रॅकवर आहे हे फक्त त्यांनाच माहीत, म्हणून निवृत्तीनंतरही कंपनीने त्यांना करारावर ठेवलं होतं. त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर फायली बसायच्या. काका दिवसभर रॅकांमधून येरझाऱ्या घालत. त्यांच्याशी बोलायचं तर आपणही चालायचं. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्याजवळ दोन मिनिटं थांबलं की आपलीच राहिलेली कामं टोचायला लागतात.

मग कंपनी पेपरलेस झाली. त्याचा समारंभ झाला, निमंत्रणं जाड कागदावर छापली गेली. त्याआधी बाहेरच्या लोकांनी येऊन सगळे कागद स्कॅन करून पोत्यांत भरले होते. शनिवारी ट्रक येऊन ती पोती नेणार होता, कागद कापून नष्ट करायला.

बुधवारी मंगलताई आल्या. दापोडीच्या. धातूवर मुलामा चढवायच्या प्लेटिंग खात्यात ॲसिडच्या वाफेत काम करून त्यांना दम लागायला लागला होता. दुखणं कामामुळेच झालं हे ठरवायला विम्याच्या दवाखान्याला कंपनीचा पुरावा हवा होता. एचआरच्या साहेबांनी स्क्रीनवर त्यांचं कार्ड उघडलं.

"ताई, तुम्ही पॅकिंगला होता."

"पॅकिंगला दोनच महिने वो, साहेब. मग आठ वर्षं प्लेटिंगला काढली."

"सिस्टीममध्ये पॅकिंगच आहे."

काका मागून वाकले. "मागची बाजू दाखवा."

"मागची बाजू स्कॅन नाही केलेली, काका."

कार्डाच्या पुढे नाव आणि भरतीचं खातं असे. पुढे खातं बदललं की काका स्वतः ते मागे तारखेसह लिहीत. स्कॅन करणाऱ्यांनी पुढची बाजू घेतली आणि काम वेळेआधी संपवलं, म्हणून त्यांचाही समारंभात सत्कार झाला होता.

"साहेब, शनिवारचा ट्रक थांबवा."

"वरून ठरलंय, काका."

काकांनी पोती सोडायला घेतली. कागद नंबराप्रमाणे नव्हे, पोत्यात नीट बसावेत म्हणून आकाराप्रमाणे भरले होते. गुरुवार, शुक्रवार ते उभ्याने कार्डं उलटत राहिले. दुपारच्या सुट्टीत मीही गेलो.

"दोन घास खाऊन घ्या, काका."

"त्या बाईला दम पुरत न्हाई अन् मी जेवत बसू? ते पोतं ओढा इकडं."

शनिवारी ट्रक भरायला लागला तरी कार्ड सापडेना. ट्रकवर चढलेली पोतीही काकांनी खाली उतरवून घेतली. ड्रायव्हर शिव्या देत होता. तिसऱ्या पोत्यात कार्ड मिळालं. मागच्या ओळी वाचून काका चौकशीला आलेल्या मंगलताईंवर चिडले. "आठ न्हाई, नऊ वर्षं! स्वतःचंच कमी सांगता व्हय?"

पण दवाखान्याचा फॉर्म भरताना साहेबांनी त्या हस्ताक्षराखाली लिहिणाऱ्याची सही मागितली. तो फॉर्म येईपर्यंत महिना संपला होता आणि काकांचा करारही. कागदच उरले नाहीत, तर कागदांचा माणूस कशाला? मी फोन केला. रावेतहून ते दोन बस बदलून आले. वॉचमनने त्यांचं नाव शोधलं आणि म्हणाला, "सिस्टीममध्ये दिसत नाही."

मी भांडायला निघालो. काका म्हणाले, "आत माझं काय काम हाय? कार्ड इकडं आणा." गेटवर, माझ्या स्कूटरच्या सीटवर त्यांनी सही केली आणि मला बजावलं, "झेरॉक्स काढा. एक न्हाई, तीन." तेवढ्यात बस आली.

दवाखान्याने कार्ड मान्य केलं. ते सांगायला मंगलताई पेढे घेऊन गेटवर आल्या. काका आता येत नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हणालो, "फोन लावून देतो."

"फोनवर पेढा कसा देऊ वो?"

काकांचा पत्ता त्यांनी माझ्याकडून घेतला, रावेतची बस वॉचमनला विचारली आणि दर दहा पावलांवर थांबत, दम घेत, स्टॉपकडे चालू लागल्या.