मामाची अकरा वर्षांची स्वस्त सहल

माझा मामा लिफ्टचा मेकॅनिक. छत्तीस वर्षं त्याने लोकांना वर नेलं, खाली आणलं, आणि स्वतः मात्र एका बेतापाशी अकरा वर्षं अडकून पडला. बेत असा, की युरोपातल्या एका जुन्या, बँकांनी भरलेल्या शहरात मामीला घेऊन आठ दिवस जायचं, आणि तेही खिशाला चटका न बसता. त्या शहराला घरात सगळे 'बँकांचं गाव'च म्हणायचे.

हौस मूळची मामीची. ती बँकेत टायपिस्ट होती आणि परदेशी पत्रव्यवहार तिच्याकडे असे. तिथल्या एका बँकेचा पत्ता तिने एकोणतीस वर्षं पाकिटांवर टाइप केला, त्यामुळे रस्ता आणि सतरा नंबर तिला झोपेतही आठवायचा. "एवढी पत्रं पाठवली, ते दार तरी एकदा बघू दे," इतकंच तिचं मागणं. आता तिचे गुडघे कुरकुरू लागले होते. जायचं तर यंदाच, पुढच्या वर्षाची खात्री तिला स्वतःलाच नव्हती.

मामाची तयारी पाहून कुणालाही वाटावं, हा उद्याच निघतोय. जुन्या वायरिंगच्या नकाशांच्या पाठीवर त्याने ते अख्खं शहर काढलं होतं. ट्राम लाल पेन्सिलीने, पायवाटा निळ्या. बँकवाले शुक्रवारी घरी पळतात, म्हणून शनिवार-रविवारी त्यांची हॉटेलं ओस पडतात आणि खोल्या स्वस्त होतात, हा शोध त्याने स्वयंपाकघरात बसून लावला. खोल्या महाग करणारं मोठं व्यापारी प्रदर्शन कधी, कुठलं संग्रहालय कोणत्या दिवशी फुकट, नदीकाठच्या कुठल्या बाकावरून जुना चौक आणि काचेचे मनोरे एकदम दिसतात, सगळं तोंडपाठ. तिकिटाचं नाव काढलं, की मात्र गाडं अडायचं. "थांब, अजून उतरेल." एकदा भाडं खरंच उतरलं, तर म्हणाला, "एवढं स्वस्त? काहीतरी गोम असणार." कॉम्प्युटरसमोर बसणारा भाचा मी. माझं डोकं किती वेळा फिरलं असेल, विचारू नका.

यंदा मामीने फर्मान काढलं. या महिन्यात तिकीट, नाहीतर सगळे नकाशे रद्दीत. दुसऱ्याच दिवशी मामा माझ्याकडे हजर.

"एकच काढ," तो म्हणाला.

"एकच?"

"अरे, चाचणी. नवीन लिफ्ट असली की एक जण आत बसतो आणि एक जण वर, मशीनरूममध्ये, खटक्यावर हात ठेवून. दोघं कधीच आत बसत नाहीत. तुझी मामी आत. मी वर."

"वर म्हणजे कुठे?"

"घरी. फोनपाशी."

मला हसू आवरेना. पण इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा 'काढ' म्हणाला होता. मीही अतिशहाणा, मामीच्या नावाचं सगळ्यात स्वस्त, पैसे परत न मिळणारं तिकीट काढून मोकळा झालो.

दुसऱ्या सकाळी दोघंही माझ्याकडे आली आणि मामीने तिकिटाचा कागद हातात घेतला. टायपिस्टच्या सवयीने आधी स्पेलिंगं तपासली, मग माणसं मोजली.

"अहो, तुमचं कुठाय?"

मामाने चाचणी, खटका, मशीनरूम, सगळं पुन्हा समजावलं. मामीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं? आता खरं काय ते सांगा."

मामाने चष्मा काढला आणि पुसू लागला. "भीती वाटते गं. लिफ्ट अडकली तर बाहेर पडायला वर झडप असते. ब्रेक मी माझ्या हाताने बसवलेला असतो. विमानाचं काय? कुणी बघितलंय, कधी बघितलंय, मला काय ठाऊक?"

म्हणजे भाडं हे नुसतं निमित्त होतं. मला त्याची फार दया आली, आणि इतकी वर्षं त्याला चिक्कू म्हणत आलो याची लाजही वाटली.

मामी भडकेल अशी माझी खात्री होती. ती भडकली नाही. "तुमच्या लिफ्टमध्ये रोज शेकडो माणसं बसली," ती म्हणाली. "कुणी येऊन तुमचे हात तपासले होते का?"

मामा आपल्याच हातांकडे बघू लागला.

"मी जाणारच आहे. दारही बघणार आहे. पण तिथे उभं राहून फोनवर तुम्हाला सांगायचं, हे मला जमायचं नाही. लांबूनच कळवण्यात माझा जन्म गेलाय हो."

मामाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे वळला. "अजून एक काढ. त्याच विमानाचं. मधली जागा चालेल, पण हिच्या लगत."

मी कॉम्प्युटरवर तिकिटांचं पान उघडलं. एका रात्रीत भाडं दुपटीच्या वर गेलं होतं. मी मान वळवून पाहिलं, तर मामाने आत्तापासूनच मामीचा हात घट्ट धरला होता. भाडं किती, ते त्याने विचारलं नाही.