नातीनं आणलेली गोल होडी

कढईची एक कड पाण्याखाली गेली आणि पैनगंगा आत शिरली. लाकूड असतं तर तरंगलं असतं. ते लोखंड होतं, सरळ तळाला गेलं. मी, माझा नवरा आणि माझी धाकटी बहीण कमल, तिघंही नदीत.

ऊस गाळून गूळ करायची ती मोठी कढई. रिसोडची एसटी नदीपलीकडे यायची आणि पूल नव्हता. पावसाळ्यात बायामाणसांना कढईत बसवून पोहणारा माणूस कड धरून ढकलत नेई. त्या दिवशी कड माझ्या बापानं धरली होती.

लग्नानंतर मी पहिल्यांदा पुण्याला निघाले होते. नवऱ्याला भोसरीत कंपनीत काम लागलं होतं, खोलीही मिळाली होती. नव्या घरी लेकीसोबत माहेरचं कोणीतरी जातं, पाठराखीण म्हणून. कमल नाचतच निघाली. कढईत बसल्यावर म्हणाली, "ताई, तू नवरी हायेस का गुळाची भेली?" मग माझ्या नवऱ्याला, "भाऊजी, पुन्यात एसटी असते, का तिथंबी कढईच?" तो हसला. मला भीती वाटत होती, मी हसले नाही.

आई काठावरून ओरडली, "पानी लाल झालं. आज राहू द्या त्याइले."

बाप म्हणाला, "वटी भरून निंघालेली पोरगी वापस नेऊ काय? लोक काय म्हनतीन?"

ओटी भरलेली लेक माघारी फिरली तर तिचा संसार टिकत नाही, असं आमच्याकडे मानत. एवढ्यासाठी आम्ही निघालो. मधल्या धारेत वाहत आलेलं बाभळीचं झाड कढईवर आदळलं.

बापानं पाण्यात हात मारला, त्याला माझा पदर लागला. कमल परकर-पोलक्यात होती. तिला धरायला पदर नव्हता. नवरा पोहत काठाला लागला.

पलीकडे मी चिखलात बसले. ओटीचे तांदूळ भिजून पोटाला चिकटले होते. एसटीचा हॉर्न वाजला. बाप पाण्याकडे तोंड करून उभा होता. तसाच म्हणाला, "तू जाय. मांग पाहू नको."

"बाबा, कमल..."

"मी पाह्यतो तिले. तू जाय."

मी गेले. ओल्या लुगड्यानं एसटीत बसले. कमल खालच्या गावाजवळ सापडली, हे मला भोसरीत कळलं. गावचा एक माणूस येऊन सांगून गेला. नवऱ्याची त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. तो कामावर गेला, मी भाकरी थापल्या. काय करणार होते?

आता फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात नात मैत्रिणींबरोबर हंपीला गेली होती. माझ्यासाठी वेताची गोल होडी घेऊन आली, वाडग्याएवढी. "आजी, अशाच मोठ्या होडीत बसलो आम्ही. नाववाल्यानं काय गरागरा फिरवली!" मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. पोरी किंचाळत होत्या, हसत होत्या.

मी विचारलं, "बुडालात तर धरायला काय?"

"अगं, लाइफ जॅकेट असतं ना."

सुनेनं होडी शोकेसमध्ये मांडली. मी काढून ओट्यावर ठेवली. तिच्यात लसूण ठेवते. वस्तू कामाला आली पाहिजे. पण रोज हात घातला की ती ओट्यावर गोल फिरते, आणि मला कमलचं गुळाच्या भेलीचं बोलणं ऐकू येतं.

भावाचा मुलगा फोन करतो, "आत्या, आता मोठा पूल झाला. ये ना." पूल झाला, बरं झालं. तिकडच्या लेकी आता कोरड्या निघतात. जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे इकडे आले, ते सगळे माहेर म्हटलं की चिंचा-बोरांचं बोलतात. मला बापाची पाठ दिसते, नदीकडे तोंड केलेल्या माणसाची. आई त्याच्याशी मरेपर्यंत बोलली नाही. त्यानं माझा पदर ओळखून धरला, की हाताला लागला म्हणून धरला, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

त्या दिवशी नदीतून तिघं बाहेर आलो. बाप, नवरा आणि मी.