फोटोंखालच्या ओळी

द्वारकेत नवा फ्लॅट घेतला तेव्हा आमची मुलगी सहा महिन्यांची होती. पुण्यातल्या आईबाबांसाठी मी तिच्या फोटोंचं वेबपेज केलं. काळी पार्श्वभूमी, खाली बारीक इंग्रजी अक्षरांत मराठी ओळी. मला ते झकास वाटलं. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर बघून आईने फोन केला, "नात गोड आहे रे, पण खाली लिहिलंयस ते वाचता येत नाही."

तेव्हा मला वेबपेजवर देवनागरी जमत नव्हती. मग मी पार्श्वभूमी पांढरी केली, सगळ्या ओळी शाईपेनाने कागदावर लिहून स्कॅन केल्या आणि फोटोंखाली लावल्या.

रविवारी आईने शेजाऱ्यांकडूनच फोन करून त्या एकेक वाचून दाखवल्या. मग म्हणाली, "किती वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं!"

त्याच आठवड्यात मी तिला पत्र लिहिलं.