मागच्या भिंतीजवळची खाट

सुनंदा गेली त्या सकाळी मी गुडघ्यांवर बसून उजव्या स्पीकरखाली कडप्प्याची फरशी सरकवत होतो. तिचं सगळं करायला येणाऱ्या मावशी तिच्या खाटेजवळून म्हणाल्या, "काका, जरा इकडे या." मी मान वर न करताच म्हणालो, "झालंच, आलो..." त्याला आता दीड महिना झाला.

आम्हा नवराबायकोचा सगळा संसार अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत झाला. वीजघरातल्या यंत्रांच्या घुमण्यात नोकरी केल्यामुळे असेल, मला खर्जाचं वेड. निवृत्तीनंतर रत्नागिरीत घर बांधलं आणि छातीएवढे उंच दोन स्पीकर आणले. सुनंदा हसून म्हणाली होती, "दोन जावई आणलेत, आता त्यांचे मानपान सांभाळा." सांभाळले. पण हॉलच्या मधोमध माझी खुर्ची, तिथे पखवाजाची थाप काही पोचेना. मग स्पीकर वीतभर पुढे घे, चार बोटं मागे घे, खाली सतरंजी घाल, बेसचं बटण चढव, असं सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं.

पुढे तिच्या मणक्यात गाठ निघाली आणि तिने अंथरूण धरलं. कुशीवरसुद्धा दुसऱ्याने वळवावं लागे. आतल्या खोलीत एकटी पडण्यापेक्षा बरं, म्हणून मीच तिची खाट हॉलच्या मागच्या भिंतीला लावली. तेवढंच गाणं तिच्याही कानावर पडेल, असं वाटलं.

"अहो, बारीक करा हो ते मेलं. पोटात धडधडतं," ती म्हणायची.

"अगं, बेस आहेच कुठे? त्याच्यासाठीच तर ही खटपट."

"इथे येऊन बसा जरा, म्हणजे कळेल."

मला वाटायचं, तिला सोबत हवी आहे. "एवढं झालं की येतो," म्हणून मी पुन्हा स्पीकरशी. पुढेपुढे तिने सांगायचं सोडलं. सवय झाली असेल, असं मी धरून चाललो. आजारपणात माणूस चिडका होतो, असं तिच्या भावाला फोनवर सांगितलंसुद्धा. हे लिहिताना स्वतःची लाज वाटते.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. परवा दुपारी पखवाज लावला आणि पाठ भरून आली होती म्हणून खुर्चीऐवजी तिच्या खाटेवर आडवा झालो. पहिलीच थाप पडली आणि खाटेची फळी थरथरली. उशीतून, भिंतीतून, बरगड्यांतून... सगळा खर्ज इथे होता. खोलीच्या मधोमध तो मरतो आणि भिंतीकडे साठतो, हे स्पीकर विकणाऱ्याने नंतर फोनवर सांगितलं. त्याला आधी विचारायचं मला सुचलं नव्हतं. खुर्चीसाठी मी जे जे वाढवत गेलो, ते सगळं तिच्या अंगावर पडत होतं.

मला ते पाच मिनिटंही सोसेना. मी उठलो आणि बंद केलं. सुनंदाला उठता येत नव्हतं.